बायकोची सिकल टेस्ट निगेटिव्ह, पण तांबड्या पेशी बारीक: बाळाला धोका आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही स्वतः सिकलसेलचे वाहक आहात. कॉलेजच्या शिबिरात ते कळलं आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टवर एएस पॅटर्न (एक जनुक नेहमीचं, एक सिकलचं) लिहिलेला आहे. लग्न ठरताना बायकोची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलची साधी चाळणी, केली, ती निगेटिव्ह आली आणि दोन्ही घरं निर्धास्त झाली. आता तिला नववा आठवडा चालू आहे. सीबीसीत हिमोग्लोबिन १०.१, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६३, तांबड्या पेशी ५४ लाख, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १५, आणि खाली शेरा: मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक (पेशी बारीक आणि फिकट), टार्गेट सेल्स दिसतात. लग्नाआधीपासून तिला 'रक्त कमी' म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा, ४६ आहे, तरी पेशींचा आकार जिथल्या तिथेच. डॉक्टरांनी एचपीएलसी लिहून दिली आहे. सिकल निगेटिव्ह असताना हा खर्च पुन्हा कशाला, आणि बाळ झालंच तर माझ्यासारखं वाहक होईल, त्याहून जास्त काय, असं तुम्ही विचारता.

एचपीएलसी उद्याच करा. बाळ फार तर वाहक होईल हे गृहीतक आत्ता धरता येत नाही. तुमच्या बायकोचा सीबीसी मला लोहाच्या कमतरतेचा कमी आणि बीटा थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) वाहकाचा जास्त वाटतो. तसं निघालं तर तुमच्या प्रत्येक बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया हा आजार होण्याची शक्यता चारात एक आहे. हा आजार वाहकपणा नव्हे, तो सिकलसेलचाच एक प्रकार आहे. नववा आठवडा चालू आहे म्हणून 'उद्याच' म्हणतोय. पुढच्या सगळ्या तपासण्यांना वेळ लागतो आणि तो आत्ता तुमच्या हातात आहे.

हे सीबीसीवरून कसं ओळखलं ते सांगतो. लोह कमी पडलं की हाडाच्या मगजात कच्चा मालच नसतो, त्यामुळे पेशी बारीकही होतात आणि कमीही होतात. एमसीव्ही ६३ इतकी खाली जाईपर्यंत तांबड्या पेशींची संख्या बहुधा ४० लाखांच्या आसपास किंवा त्याखाली आलेली असते. थॅलेसेमियाच्या वाहकात मगज पेशी भरपूर बनवतो, फक्त प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी भरलं जातं. म्हणून पेशी बारीक पण संख्येनं जास्त. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येनं, म्हणजे दशलक्षातल्या आकड्यानं, भागायचं. ६३ भागिले ५.४ म्हणजे साधारण ११.७. हा मेंट्झर निर्देशांक. तो १३ च्या खाली असला की थॅलेसेमियाची शंका घ्यायची, वर असला की लोहाची. हा केवळ अंदाज आहे, निदान नाही, पण कागदाच्या कोपऱ्यावर दहा सेकंदांत होतो आणि फुकट आहे. आरडीडब्ल्यू १५ म्हणजे पेशी बारीक असल्या तरी एकमेकींसारख्या आहेत. लोहाच्या कमतरतेत त्या लहानमोठ्या असतात आणि हा आकडा चांगलाच चढतो. त्यात फेरिटिन ४६ आहे आणि गोळ्या घेऊनही एमसीव्ही हललेली नाही. या सगळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

टार्गेट सेल म्हणजे मधोमध ठिपका आणि भोवती फिकट कडं असलेली पेशी. तिचं आवरण पूर्ण मापाचं असतं, पण आतला ऐवज कमी. कापूस कमी भरलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं ते सैल कापड मध्येच फुगून येतं. लोहाच्या कमतरतेतही टार्गेट सेल्स थोड्या दिसतात, यकृताच्या आजारात आणि प्लीहा काढलेल्या माणसातही दिसतात, त्यामुळे एकट्या त्यांच्यावर मी निदान टाकत नाही. पण वरचे आकडे सोबत असले तर त्यांच्याकडे दुर्लक्षही करत नाही.

आता मुख्य गोष्ट. 'सिकल निगेटिव्ह' याचा अर्थ फक्त एवढाच की रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, सापडलं नाही. हिमोग्लोबिन निर्दोष आहे असा त्याचा अर्थ होत नाही. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचे थेंब एका रसायनात टाकतात. ते रसायन हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं. हिमोग्लोबिन एस असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. शिबिरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, शाळेच्या व्हरांड्यात हजारो लोकांची चाळणी लावायला ही स्वस्त आणि उत्तम टेस्ट आहे. पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, सहा महिन्यांखालच्या बाळात फसते, आणि बीटा थॅलेसेमिया, हिमोग्लोबिन डी, हिमोग्लोबिन ई (हिमोग्लोबिनची दुसरी सदोष रूपं) यांपैकी काहीही ओळखत नाही. या तिघांच्याही वाहकांचं द्रावण स्वच्छ राहतं. आणि या तिघांपैकी कशाचीही वाहक असलेली व्यक्ती सिकलच्या वाहकाशी लग्न करते तेव्हा बाळात दोन दोष एकत्र येऊ शकतात. सिकल आणि हिमोग्लोबिन डी-पंजाब एकत्र आले की आजार बहुधा एसएससारखाच, म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या रुग्णासारखाच, तीव्र असतो. सिकल आणि ई एकत्र आले तर बराच सौम्य.

थोडं जनुकांबद्दल. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं बनतं. बीटा साखळीची दोन जनुकं, ११ व्या गुणसूत्राच्या जोडीवर, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. सिकलमध्ये या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. साखळी पुरेशी बनते, पण सदोष. ऑक्सिजन सुटला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करतात आणि त्या पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात. थॅलेसेमियात साखळी बरोबर असते पण कमी बनते किंवा बनतच नाही. आता तुमचं सिकलचं जनुक आणि तिचं थॅलेसेमियाचं जनुक बाळाकडे एकत्र गेलं, तर चांगली बीटा साखळी देणारं कुणी उरलंच नाही. बाळाच्या पेशीत बहुतेक हिमोग्लोबिन एसच असणार. म्हणून ते वाहक राहत नाही, रुग्ण होतं.

हिशेब प्रत्येक गरोदरपणात नव्यानं मांडायचा असतो: चारात एक शक्यता बाळ पूर्ण निरोगी असण्याची, एक तुमच्यासारखा सिकल वाहक, एक आईसारखा थॅलेसेमिया वाहक, एक सिकल-बीटा थॅलेसेमिया. पहिलं बाळ निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

विदर्भात एसएस म्हणून नोंदलेल्या मुलांपैकी काही जण प्रत्यक्षात सिकल-बीटा थॅलेसेमियाचे असतात. थॅलेसेमियाचं जनुक साखळी अजिबात बनवत नसेल तर एचपीएलसीचा आलेख जवळजवळ एसएससारखाच दिसतो: हिमोग्लोबिन ए (मोठ्या माणसाचं नेहमीचं) नाही, एस ७० टक्क्यांच्या वर, थोडं एफ (गर्भातल्या बाळाचं). फरक कमी एमसीव्हीत आणि चढलेल्या ए२ मध्ये (एरवी अगदी थोडं असणारं हिमोग्लोबिन) असतो, आणि शंका राहिली तर आईवडिलांची तपासणी करून मिटते. ती केली नाही तर घरात एक भयंकर गोष्ट घडते. मूल 'एसएस', बाप वाहक, आई सिकल निगेटिव्ह; किंवा उलट, आई वाहक आणि बाप निगेटिव्ह. मग कुणीतरी शाळेतलं जीवशास्त्र आठवून म्हणतं की दोघांकडून एस यायला हवं, मग हे मूल कुणाचं? आपल्याकडे या प्रश्नाचा भार कुणाच्या डोक्यावर पडतो हे वेगळं सांगायला नको. सिकल निगेटिव्ह असलेला पालक थॅलेसेमियाचा वाहक असला की कोडं तिथेच सुटतं. समुपदेशनाला बसलेल्या प्रत्येकानं, आणि खरं तर प्रत्येक आशाताईनं, ही शक्यता तोंडपाठ ठेवावी असं माझं मत आहे.

'थॅलेसेमिया आमच्यात नसतो' हे वाक्य मी इथे रोज ऐकतो. सिकलसेल म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट इथल्या आदिवासींचा आजार आणि थॅलेसेमिया म्हणजे सिंधी-पंजाबी-लोहाणा लोकांचा, अशी वाटणी लोकांनीच नव्हे, डॉक्टरांनीही मनात करून ठेवली आहे. प्रमाणात फरक आहे हे खरं. भारतात सिकलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत झाली, आणि महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे. पण विदर्भात सिकल आदिवासींपुरतं थांबलेलं नाही, बिगरआदिवासी समाजांतही ते भरपूर आहे. बीटा थॅलेसेमियाचे वाहक देशभरात साधारण ३ ते ४ टक्के आहेत, कुठे जास्त, कुठे कमी. दोन्ही दोषांच्या वाहकांना मलेरियाच्या तीव्र आजारापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या मलेरियाखाली काढलेल्या प्रदेशांत ते टिकून राहिले, आणि आपल्याकडे असे प्रदेश एकमेकांना लागूनच आहेत. आता लग्नं जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर, जातीबाहेर होतात. चांगलंच आहे. फक्त तपासणीची पद्धत अजून जुन्या वाटणीवर चालते: सिकलच्या शिबिरात थॅलेसेमिया बघत नाहीत आणि थॅलेसेमियाच्या शिबिरात येणारे सिकलसाठी येत नाहीत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की सिकल वाहकाच्या जोडीदाराची नुसती सोल्युबिलिटी करून थांबू नये. सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही हव्यात.

रिपोर्ट आल्यावर काय बघायचं? हिमोग्लोबिन ए२ चा आकडा. ४ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान आला तर बीटा थॅलेसेमिया वाहक. ३.५ च्या खाली आला तर शक्यता बरीच कमी होते. मधल्या पट्टीत, ३.५ ते ३.९, निर्णय घाईनं घेऊ नये. लोहाची खरी कमतरता ए२ ला थोडं खाली ओढते, काही सौम्य जनुकीय बदलांत ते मुळातच फारसं चढत नाही, आणि बी१२ च्या कमतरतेत उलट थोडं वर जाऊ शकतं. तुमच्या बाबतीत ए२ मधल्या पट्टीत आलं तर मी सरळ बीटा जनुकाची डीएनए तपासणी सांगेन, 'गोळ्या खाऊन तीन महिन्यांनी परत या' म्हणायला वेळ नाही. ए२ च्या जागी २० टक्क्यांहून मोठा आकडा दिसला तर ते ए२ नसतं, बहुधा हिमोग्लोबिन ई असतं, कारण मशिनवर दोन्ही एकाच खिडकीत येतात. आणि तुमच्या स्वतःच्या रिपोर्टवर ए२ ३.८ किंवा ४ दिसत असेल तर घाबरू नका. सिकल वाहकांत हे मशिन ए२ थोडं फुगवून दाखवतं. तुमच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ए जास्त आणि एस ४० टक्क्यांच्या आत आहे ना, तेवढं पाहा. एस हे ए पेक्षा जास्त असतं तर तुम्ही वाहक नव्हे, रुग्ण ठरला असता.

एक शक्यता आनंदाचीही आहे. लोह ठीक, ए२ ठीक, तरी पेशी बारीक, असं निघालं तर बहुधा अल्फा थॅलेसेमिया. अल्फाची जनुकं चार असतात, १६ व्या गुणसूत्रावर, आणि त्यातलं एखादं-दुसरं गळालेलं असणं मध्य भारतात मुळीच दुर्मीळ नाही. एचपीएलसीला ते दिसत नाही, डीएनए तपासणीलाच दिसतं. सिकल आणि अल्फा हे वेगवेगळ्या साखळ्यांचे दोष असल्यामुळे ते बाळात एकत्र आले तरी सिकलचा आजार होत नाही. बायको अल्फावालीच निघाली तर तुम्हाला पेढे वाटायला हरकत नाही.

एचपीएलसीआधी तिला रक्त चढवलेलं नसावं. चढवलं असेल तर निदान तीन महिने दुसऱ्याचं हिमोग्लोबिन तिच्या रिपोर्टमध्ये मिसळलेलं असतं. तसं झालं असेल तर लॅबला आवर्जून सांगा, मग थेट डीएनए तपासणी करावी लागेल. दर वेळी 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाचं इंजेक्शन देणाऱ्यांनाही फेरिटिन दाखवत जा. थॅलेसेमियाच्या वाहकाला लोह वर्ज्य नसतं, गरोदरपणात शरीराला ते लागतंच आणि रोजच्या गोळ्या व फॉलिक ॲसिड डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नका. पण तिचा एमसीव्ही वाढावा म्हणून शिरेतून लोह देण्यात काही अर्थ नाही. ती संख्या तिच्या जनुकात लिहिलेली आहे. साखरेसाठी एचबीए१सी सांगितली तर तिच्यावरही एकटीवर विसंबू नये. हिमोग्लोबिनच्या दोषांत ती चुकीचा आकडा देऊ शकते. ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी चांगली.

बायको बीटा वाहक निघाली तर पुढचं काम असं. दोघांच्या रक्तातून डीएनए तपासणी. तुमचा बदल माहीतच आहे, तिचा शोधायचा. भारतात बीटा थॅलेसेमियाचे पाच-सहा बदलच बहुसंख्य वाहकांत सापडतात, त्यातला आयव्हीएस १-५ सगळ्यांत जास्त, त्यामुळे शोध सहसा लांबत नाही. हा बदल तीव्र गटातला आहे, तोच निघाला तर आजार सौम्य असेल अशी आशा धरू नये. मग ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. तो काळ हुकला तर १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, पण अनुभवी हातांत तो लहान आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविज्ञान संस्था आहे, या विषयात देशातल्या जुन्या जाणत्या केंद्रांपैकी एक, आणि तिचं चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांमार्फत तिथे आधी चौकशी करा, थेट जाऊन उभं राहू नका.

गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यामुळे गर्भाची कुठलीच तपासणी करता येत नाही, असा गैरसमज मी शिकलेल्या लोकांतही पाहिला आहे. १९९४ च्या त्या कायद्यानं हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणीला स्पष्ट परवानगी दिलेली आहे. नोंदणीकृत केंद्र, लेखी संमती आणि ठरलेले फॉर्म हवेत, आणि लिंग सांगितलं जाणार नाही, इतकंच.

बाळ बाधित निघालं तर काय करायचं हे मी सांगणार नाही आणि तुमच्या आईवडिलांनीही ठरवू नये. कायद्यानं गर्भपाताचा मार्ग आहे, काही जोडपी तो घेतात, काही बाळ ठेवतात. दोन्ही निर्णय मी जवळून पाहिले आहेत आणि दोन्हींपैकी कुठल्याही जोडप्याला मी चूक म्हणू शकत नाही. फक्त निर्णय माहितीवर व्हावा. हा आजार एकाच तीव्रतेचा नसतो. काही मुलं वर्षातून एखाद-दोनदाच दुखण्यानं बेजार होतात, काहींना वारंवार भरती करावं लागतं, लहानपणी प्लीहा एकाएकी रक्त साठवून घेते, छातीचा आजार होतो, मेंदूला इजा होऊ शकते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधानं बऱ्याच मुलांचं आयुष्य बदललं आहे. मज्जापेशींचं प्रत्यारोपण हा बरं करणारा उपाय आहे, पण सख्ख्या भावंडाशी जुळणी होण्याची शक्यता चारात एक. जनुक-संपादनाच्या ज्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, त्याचा खर्च आपल्यासारख्या कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचा आहे, म्हणून आजच्या निर्णयात तो धरू नका.

बायकोच्या भावंडांनाही सांगा. ती वाहक निघाली तर त्यांच्यापैकी प्रत्येकाला ते असण्याची शक्यता निम्मी, तुमच्या भावंडांनाही सिकलच्या बाबतीत तसंच. धाकट्या मेहुणीचं लग्न ठरतंय असं तुम्ही लिहिलं आहे. तिची सीबीसी आणि एचपीएलसी साखरपुड्याआधी करून घ्या, आणि ती वाहक असली तर लग्न मोडायचं कारण नाही, मुलाची तपासणी करायचं कारण आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तुम्ही स्वतः इतकी वर्षं त्याच रक्तावर धडधाकट आहात. फक्त कडक उन्हात कष्टाचं काम करताना पाणी भरपूर प्या आणि लघवीतून कधी रक्त दिसलं तर डॉक्टरांना एएस आहे हे सांगा.

आणि गर्भतपासणी करायची नाही असं दोघांनी ठरवलं, तर तेही चालतं. मग बाळाच्या जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्त घेऊन एचपीएलसी करा, सोल्युबिलिटी नको. त्या वयात बाळाचं बहुतेक हिमोग्लोबिन एफ असतं, त्यामुळे बाळ गुटगुटीत दिसेल आणि त्रास सहा महिन्यांच्या आसपास सुरू होईल. तेवढ्या वेळात निदान हातात असलं तर पेनिसिलिन दोन-तीन महिन्यांपासून सुरू करता येतं, न्यूमोकोकसची लस वेळेवर देता येते आणि बाळाची प्लीहा पोटावर हात ठेवून कशी तपासायची हे आईला शिकवता येतं.